रिव्हर्सनंतर पहिल्या ब्रेकला ‘ठक्’: कॅम्परच्या खालचा आवाज शोधताना

गाडी मागे घ्यायची, मग पुढे निघायचं, आणि पहिला ब्रेक दाबला की मागून डावीकडून ‘ठक्’. एकदाच. त्यानंतर दहा वेळा ब्रेक मारा, गाडी गप्प. पुन्हा रिव्हर्स घेतला की पुढच्या ब्रेकला हा हजर. तेरा महिने हा आवाज आमच्यासोबत कोकणात फिरला, तीन गॅरेजं बघून आला, आणि दर दुरुस्तीनंतर दोन-अडीचशे किलोमीटर दडी मारून परत आला. तुमच्याकडे नेमकं हेच होत असेल तर सरळ खाली ‘आटे संपले होते’ या भागावर जा, आणि तो वाचून होईपर्यंत गाडी घाटात घालू नका.

गाडी म्हणजे डिझेल मिनीबसवर बांधून घेतलेलं घर. मागे दोन्ही चाकं जोडणारा अखंड ॲक्सल, पुढे-मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), चारही कोपऱ्यांना शॉकअप. आत दोन बेड, ओटा, 90 लिटरची पाण्याची टाकी, दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या आणि संसार. हा संसारच आवाज शोधण्यात सगळ्यात आडवा येतो. साध्या गाडीत खडखड झाली की खाली वाकून बघता येतं. इथे मात्र खडखड खालची की ओट्यावरच्या डब्याची, इथूनच वादाला सुरुवात.

आधी घर गप्प करा

मिस्त्रीकडे जाण्याआधी एक दिवस काढा आणि गाडी रिकामी करा. अगदी रिकामी. भांडी, गाद्या, फोल्डिंग खुर्च्या, गॅस सिलिंडर, जॅक-पान्यांची पिशवी, सगळं खाली. कपाटांच्या दारांना आणि ड्रॉवरना चिकटपट्टी लावा. मग रोजच्या ओळखीच्या रस्त्यावर, त्याच स्पीड ब्रेकरवरून, त्याच वेगाने एक चक्कर मारा.

आमच्याकडे या एका दिवसात पाच आवाजांपैकी तीन गेले. एक 5 किलोच्या सिलिंडरचा होता. पट्टा आवळलेला होता, पण सिलिंडरच्या बुडाची कडी लोखंडी पट्टीवर नाचत होती. खाली रबरी मॅटचा तुकडा घातला, संपलं. दुसरा आवाज टपावरच्या सोलर पॅनेलच्या क्लॅम्पचा. तिसरा, सांगायला लाज वाटते, ओव्हनच्या जागेत उभा ठेवलेला बिडाचा तवा. त्या तव्यापायी एका गॅरेजने आमची पुढची लिंक रॉड बदलली होती.

पाण्याची टाकी हे वेगळं प्रकरण आहे. अर्धी भरलेली टाकी म्हणजे आमच्याकडे 45 किलो पाणी, आणि ब्रेक लागला की ते सगळं पुढच्या भिंतीवर जाऊन आदळतं. आवाज ‘डबक्’ असा येतो आणि पाय ब्रेकवर पडल्यानंतर क्षणभर थांबून येतो. हा उशीर लक्षात ठेवा. लोखंडावर लोखंड आदळलं तर आवाज ब्रेकसोबतच येतो, पाण्याला पोचायला वेळ लागतो. खात्री करायची असेल तर एकदा टाकी काठोकाठ भरून आणि एकदा पूर्ण रिकामी करून तीच चक्कर मारा. दोन्ही वेळा आवाज नसेल आणि अर्ध्या टाकीला असेल, तर सस्पेन्शनला दोष देऊ नका. टाकीत आडव्या जाळ्या बसवून घ्या.

वळणावर किंवा एक चाक उंचावर चढताना येणारी लांबलचक ‘कर्रर्र’ही बऱ्याचदा घराचीच असते. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, पिळली जाते, आणि तिच्यावर स्क्रूने ठोकलेला प्लायवूडचा फ्लोअर तिच्यासोबत पिळायला तयार नसतो. एका बाजूचं पुढचं चाक हळूच उंचवट्यावर चढवा, इंजिन बंद करा आणि आत बसून ऐका. आवाज खिडकीच्या उंचीवरून येत असेल तर ते सुताराचं काम आहे.

‘आवाज येतो’ असं सांगू नका

आपल्या भाषेत आवाजांना इतकी नावं आहेत, आणि तरी गॅरेजात गेल्यावर आपण म्हणतो, “मागून काहीतरी आवाज येतोय.” मिस्त्री मग त्याला सोपं वाटेल ते बदलतो. त्यापेक्षा आवाजाला नाव द्या आणि तो कधी येतो ते सांगा: खड्ड्यात, ब्रेकला, वळणावर, की चाकाच्या फेऱ्यांबरोबर.

वेगाबरोबर वाढत जाणारी ‘घूंऽऽ’ ही पाट्यांची तक्रार नव्हेच. टायर नाही तर व्हील बेअरिंग बघा. गाडी किंचित उजवीकडे वळवल्यावर आवाज वाढला तर बहुतेक डावं बेअरिंग, कारण तेव्हा वजन डावीकडे जातं. बारीक खड्ड्यांच्या रस्त्यावर सतत ‘खडखड’ होत असेल तर स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी फार झुकू न देणाऱ्या सळईच्या) लिंक रॉड आणि शॉकअपच्या दोन्ही टोकांची रबरं आधी हलवून बघा. मोठ्या खड्ड्यात एकदाच ‘धाड’ आणि पाठीच्या कण्याला झटका म्हणजे पाटे वाकून ॲक्सल बंप स्टॉपच्या रबरावर जाऊन आदळतोय. शॉकअप गेलेत किंवा वजन जास्त झालंय, आणि कॅम्परच्या बाबतीत माझा संशय कायम वजनावर असतो.

‘करकर’वर मात्र जरा थांबायला हवं, कारण कोकणात फिरणाऱ्याला ती चुकत नाही. जांभ्याची लाल धूळ पाट्यांच्या फटींत आणि बुशांत (सांध्यांतल्या पिनभोवतीच्या नळ्यांत) जाऊन बसते, वर खारी हवा. जुनी, अनेक पात्यांची जुडी असेल तर पातं पात्यावर घासून करकरतं, आणि बुश सुकला तर तोही. ओळखायची खूण सोपी आहे: पहिल्या पावसात आवाज बंद होतो का? होत असेल तर पाण्याची बाटली घ्या, एकेका बुशावर पाणी शिंपडा आणि दर वेळी कोणाला तरी मागच्या बंपरवर उभं करून गाडी हलवायला लावा. ज्या बुशावर पाणी पडल्यावर करकर थांबली तो तुमचा गुन्हेगार. आमच्याकडे बंपरवर उड्या मारायचं काम पोरीने आनंदाने केलं, शेजाऱ्यांनी मात्र बाल्कनीतून बघून काय समजायचं ते समजून घेतलं.

पाणी हा फक्त शोधायचा उपाय आहे, इलाज बुशाच्या जातीप्रमाणे करायचा. शॅकलच्या (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीच्या) पिनला ग्रीस भरायचं निपल असेल तर आतला बुश धातूचा असतो. ग्रीस गन लावा आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा. निपल नसेल तर बुश रबरी, आणि त्याला ग्रीस किंवा ऑइल लावणं म्हणजे त्याचा जीव घेणं. रबर फुगतं, पिचपिचीत होतं. पाट्यांवर जळकं ऑइल ओतायची आपल्याकडची जुनी पद्धत याच कारणाने मला पटत नाही. आठ दिवस शांतता मिळते, मग त्या तेलावर धूळ बसून कानस तयार होते आणि ओघळ बुशापर्यंत जातो.

तीन गॅरेजं

आता आमचा ‘ठक्’. पहिल्या गॅरेजने मागच्या शॉकअपची रबरं बदलली. ती खरंच चेपलेली होती, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. अडीचशे किलोमीटर शांततेत गेले. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला पोचलो, मुक्कामाच्या जागी गाडी मागे लावली, सकाळी निघालो आणि फाटकाशी ‘ठक्’.

दुसऱ्या गॅरेजने शॅकलचे रबरी बुश बदलले. ते चार हजार किलोमीटरमध्ये फाटले, आणि त्यातून एक धडा मिळाला जो कुठल्याही पाट्यांच्या गाडीला लागू आहे. रबरी बुश पिनवर फिरत नाही, तो पिळला जातो आणि परत येतो. त्याचा बोल्ट गाडी वर उचललेली, ॲक्सल लोंबकळत असताना आवळला, की रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली टेकली की बुश कायमचा पिळलेल्या फडक्यासारखा राहतो आणि लवकरच फाटतो. बोल्ट हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चारदा दाबून पाटे स्थिर होऊ द्यायचे आणि मग शेवटचं आवळायचं. जागा अडचणीची होते, मिस्त्री कुरकुरतो. कुरकुरू द्या.

तिसऱ्या ठिकाणी प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाचा जोर मागच्या ॲक्सलला नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, बदलायला सांगितले. शंका रास्त होती, कारण ढिल्या क्रॉसचाही पुढे-मागे करताना ‘ठक्’ होतो. पण तोवर आम्हीही थोडे शहाणे झालो होतो. एका मोकळ्या मैदानात हलक्या उतारावर गाडी आधी थोडी मागे घेऊन थांबवली, मग इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये आपोआप पुढे घरंगळू दिली आणि ब्रेक दाबला. ‘ठक्’. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा जोर शाफ्टवर नसतोच, म्हणजे क्रॉस निर्दोष सुटला. पुढच्या ब्रेक पॅडचाही असा आवाज येतो, पॅड कॅलिपरमध्ये पुढे-मागे सरकतात तेव्हा, पण तो बारीक ‘टक्’ असतो आणि पेडलवर पायाला कळतो. आमचा पायाला कळत नव्हता, ढुंगणाला कळत होता.

त्याच मैदानात तीन मोबाइल कामाला लावले. एक मागच्या डाव्या चाकाच्या वरच्या फ्लोअरवर, एक उजव्या चाकावर, एक ओट्याखाली, तिन्ही चिकटपट्टीने घट्ट. तिन्हींवर रेकॉर्डिंग सुरू करून बायकोने गाडीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली, म्हणजे नंतर तिन्ही आवाज जुळवता यावेत. कानाला तेरा महिने वाटत होतं की आवाज ओट्याच्या सिंकजवळून येतो. रेकॉर्डिंगमध्ये डाव्या चाकावरचा मोबाइल सगळ्यात जोरात निघाला. चासी लोखंडाची, वर पत्र्याचं खोकं, खाली वाजलेलं कुठे ऐकू येईल याचा नेम नाही. स्टीलचं सिंक तर कर्ण्याचंच काम करतं.

आटे संपले होते

कराडच्या अलीकडे हायवेला ट्रकच्या पाट्यांचं काम करणारे एक चाचा बसतात. गाडी बघून म्हणाले, “हे घर आहे की गाडी?” मी सगळा इतिहास सांगितला. त्यांनी तो अर्धवट ऐकला, हातोडी घेतली आणि खाली सरकले.

पाट्यांची जुडी ॲक्सलवर यू-बोल्टने बांधलेली असते. दर चाकाला दोन यू-बोल्ट, चार नट. जुडीच्या मधोमध आरपार एक सेंटर बोल्ट असतो आणि त्याची मुंडी ॲक्सलवरच्या भोकात बसते. ती मुंडी फक्त जागा दाखवते. ॲक्सल धरून ठेवायचं काम यू-बोल्टच्या दाबाचं.

चाचांनी उजवीकडच्या यू-बोल्टच्या पायावर हातोडीने हलकेच मारलं: ‘टण्ण’. डावीकडे मारलं: ‘बद्द’. मडकं घेताना वाजवून बघतात ना, तसं. दुसऱ्यांदा मारून मला ऐकवलं, मग बोटाने पाटा आणि ॲक्सलवरच्या त्याच्या बैठकीच्या मधली फट पुसून बोट दाखवलं. गंजाची लाल भुकटी, पिठासारखी. आणि पाट्याच्या कडेला, जिथे धूळ-चिखल असायला हवा, तिथे नखाएवढी चकचकीत घासलेली पट्टी. लोखंड लोखंडावर सरकल्याशिवाय तिथे चमक येत नाही.

“साहेब, टाईट कोणी केलं?”

“तीन गॅरेजांनी. एकाने तर टॉर्क पान्याने.”

“टाईट बरोबर केलंय. पण पाट्याला नाही, बोल्टलाच केलंय.”

नट काढून दाखवला तेव्हा कळलं. गाडीचं घर करताना वजन वाढणार म्हणून दोन्हीकडे एकेक पाटा वाढवला होता. जुडी जाड झाली म्हणून लांब यू-बोल्ट आणले, पण ते जरा जास्तच लांब निघाले. बोल्टच्या पायावर आटे खालच्या टोकापासून ठरावीक उंचीपर्यंतच पाडलेले असतात, त्याच्या वर गुळगुळीत सळई. नट वर चढत गेला आणि जुडी पुरेशी दाबली जाण्याआधीच आटे संपले तिथे जाऊन अडला. पान्याला वाटतं घट्ट. ठरलेला जोर लागला की ‘कट्’ करणारा टॉर्क पानाही सही देतो. शेवटचे दोन आटे चावले गेलेले स्पष्ट दिसत होते.

सुरुवातीला थोडाफार दाब असेल, पाटे बसत गेले तसा तोही गेला. मग ॲक्सल पुढे जातानाच्या ब्रेकला मागे आणि रिव्हर्समधल्या ब्रेकला पुढे सरकायला लागला, सेंटर बोल्टची मुंडी त्या हिसक्यांनी तुटली, आणि ‘ठक्’ सुरू झाला. एकदा मागे सरकलेला ॲक्सल तिथेच राहतो, म्हणून पुढच्या दहा ब्रेकना आवाज नाही. रिव्हर्स घेऊन थांबलं की तो पुन्हा पुढे येतो. दर दुरुस्तीनंतर शांतता का मिळायची तेही उलगडलं. गॅरेजात चासी उचलली की ॲक्सल लोंबतो आणि खाली टेकताना कुठेतरी अडकून बसतो. तिथून सुटेपर्यंत आवाज बंद.

हे चाचांशिवायही पकडता आलं असतं, फक्त टेप हवी होती. सपाट जागा, स्टीअरिंग सरळ, मग डावीकडे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजा, तेच उजवीकडे. एकदा पुढे जाऊन ब्रेक मारून मोजा, एकदा मागे येऊन ब्रेक मारून. आम्ही त्याच दुकानासमोर मोजलं. पुढे जाऊन थांबल्यावर डावी बाजू उजवीपेक्षा 8 मिलिमीटर जास्त, मागे येऊन थांबल्यावर 2. चाकांमधलं अंतर ब्रेकप्रमाणे बदलत असेल तर तिथेच थांबा. ॲक्सल सुटायच्या वाटेवर आहे.

काय बदललं, काय बदलू नका

चारही यू-बोल्ट मापाचे नवे, नटही नवे. उजवीकडचे वाजत होते ‘टण्ण’, पण त्याच लॉटमधले, आटे संपायला दोन फेरे उरलेले, म्हणून तेही काढले. उतरवलेला यू-बोल्ट परत वापरू नये, तो एकदा ताणला गेलेला असतो. दोन सेंटर बोल्ट नवे. नट आडवे-तिडवे, टप्प्याटप्प्याने, गाडी चाकांवर उभी असताना आवळले, किती जोराने, तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. मग चाचांनी प्रत्येक नटावर आणि प्लेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटेल.

आणखी दोन गोष्टी. जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका. साडेतीन टनाला घोड्याच (जॅक स्टँड) लागतात, दगड-विटा नकोत, आणि उरलेल्या चाकांना ओट, म्हणजे ती घरंगळू नयेत म्हणून लावायचे ठोकळे. दुसरं, पाटे उघडलेच आहेत तर प्रत्येक पातं ब्रशने घासून मधल्या भोकाजवळ केसासारखी रेघ दिसते का बघा. मेन पाट्याच्या डोळ्याजवळही (टोकाच्या गोल वळशाजवळ). तडा असेल तर तो पाटा बदलायचाच. त्याला वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

डावी बाजूच का गेली, हा प्रश्न उरला होता. गाडी वजनकाट्यावर नेली. आधी पूर्ण मागचा ॲक्सल, मग गाडी कडेला घेऊन फक्त मागचं डावं चाक. काटा जमिनीच्या पातळीत असेल तर हा अंदाज कामापुरता बरोबर येतो. डावीकडे 1,240 किलो, उजवीकडे 1,010. टाकी डावीकडे, ओटा डावीकडे, आणि वायर कमी लागते म्हणून दोन्ही बॅटऱ्याही डावीकडे, एकेक पन्नास किलोच्या वर. नकाशा मीच काढला होता, तेव्हा दुसऱ्या कोणाला बोलायची सोय नव्हती. बॅटऱ्या उजव्या बेडखाली नेल्या, जाड केबल टाकून घेतली. आता 1,160 आणि 1,090.

पाचशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे असतात, कारण नवे पाटे-बोल्ट बसतात आणि दाब उतरतो. आंबा घाट चढून आल्यावर मलकापुरात चहाला थांबलो तेव्हा खाली वाकून रेघा बघितल्या. सात जागच्या जागी होत्या, आठवी किंचित सरकलेली. अर्ध्या फेऱ्याहून कमी आवळावा लागला. त्यानंतर चार हजार किलोमीटर झाले, रिव्हर्स घेऊन निघताना बायको अजून मान तिरकी करून ऐकते. उजवीकडून बारीक खुटखुट येते, ती मात्र रिकाम्या गाडीत येत नाही. बहुतेक पोळपाट.